ढोलकी वाजली की आवाज बसतो

पलटणीतून पेन्शनीवर आलो आणि बाहत्तर साली पलूसच्या एस.टी. स्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. माझं नाव नाथाजी येसुगडे. सिग्नलमध्ये सतरा वर्षं काढली, हवालदार होऊन बाहेर पडलो. लडाखपासून तेजपूरपर्यंत वायरलेसचे सेट उघडले, बर्फात गोठलेले आणि चिखलात बुडालेले सेट बोलते केले. आणि इथं येऊन काय करायचं, तर बागाईतदारांच्या ट्रान्झिस्टरमधली झुरळं झाडायची. सेल उलटे घालून आणायचे आणि वर मलाच विचारायचे, "नाथाजी, स्टेशनच बंद पडलं काय रं?"

असल्या लोकांविषयी माझं मत चांगलं नव्हतं. खरं तर कुणाविषयीच नव्हतं. त्यातलं बरंचसं आजही तसंच आहे. एका माणसाच्या बाबतीत मात्र मी चुकलो, आणि तेही साधंसुधं चुकलो नाही.

त्र्याहत्तरची दिवाळी झाल्यावर सांगलीहून लालासाहेब दुकानात आले. हळदीचे पिढीजात अडत दुकानदार. बापानं मार्केट यार्डाजवळ मोठं गोदाम बांधलेलं. त्यातलं अर्धं गोदाम लालासाहेबांनी गाद्या ठोकून बंद केलं होतं आणि बाहेर पाटी लावली होती, 'ध्वनिमुद्रण केंद्र'. आत जर्मन टेपरेकॉर्डर, एक मायक्रोफोन आणि हळदीचा असा वास की गाणारा पहिल्या कडव्यालाच शिंकायचा. तिथं जाऊन आलेल्या माणसाचा सदरा बघून कळायचं की हा लालासाहेबांकडं गाऊन आला.

त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. इंग्रजी मासिकातलं पान. त्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा स्टुडिओतल्या एका काळ्या पेटीचा फोटो. मध्ये वाटीएवढी तबकडी, तिच्यात काटा.

"हे पाहिजे," लालासाहेब म्हणाले. "काँप्रेसर."

काँप्रेसर म्हटल्यावर मला पंक्चरवाल्याचा आठवला. मी तसं बोललोही. त्यांना ते आवडलं नाही.

त्यांचं दुखणं वेगळं होतं. गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीला ते इथल्या गाणाऱ्यांच्या टेपा पाठवायचे आणि कंपनी त्या परत पाठवायची. गाणारा वर गेला की टेपवर आवाज फाटतो, खाली आला की ऐकूच येत नाही. लालासाहेबांना वाटायचं की दोष सांगली जिल्ह्यातल्या गळ्यांचा आहे. आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसायला एक शहाणा माणूस पाहिजे, जोरात आलं की कमी करायला आणि हळू आलं की सोडायला, एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ही काळी पेटी तेच काम आपलं आपण करते आणि माणसाच्या हातापेक्षा चपळ करते.

"करतो," मी म्हणालो.

"विलायती वाटली पाहिजे."

"वाटंल का न्हाई ते रंगाऱ्याला इचारा. मी चालंल एवढी करतो."

मला त्यात अवघड काही दिसलं नाही. आमच्या पलटणीच्या रिसीव्हरमध्ये हीच युक्ती असायची. जवळचं स्टेशन अंगावर ओरडत आलं की सेट स्वतःच कान मिटून घेतो, लांबचं आलं की उघडतो. त्यासाठी सिक्स के सेव्हन नावाचा एक व्हॉल्व्ह. त्याच्या जाळीवर जितका दाब द्यावा तितका तो आवाज कमी सोडतो. असे दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडायचे. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडासा वळवून एका वेगळ्या वाटेनं मागं आणायचा, त्याचाच दाब तयार करायचा आणि तो ह्या दोघांच्या मानेवर ठेवायचा. आवाज मोठा आला की दाब वाढतो, दाब वाढला की आवाज उतरतो. झालं काँप्रेसर.

व्हॉल्व्हसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. ज्या मालाचा ताबा सतरा वर्षं मी सही करून घेत होतो, तोच माल तिथं पोत्यावर पसरलेला. विकणाऱ्याला नाव ठाऊक नव्हतं, तो त्याला 'काचेची बाटली' म्हणत होता. पोतंभर बाटल्या आणल्या. मिरजेच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून तार घेतली आणि ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळले. सांगलीतल्या पत्रेवाल्याकडून पेटी वाकवून घेतली. त्यानं भोकं पाडली ती सगळी एका रेषेत सोडून. पुन्हा पाडायला लावली, तर म्हणतो, "आत काय देव बसवायचाय?"

पौषात पेटी पहिल्यांदा चालू केली. आतून म्हैस रवंथ करत असल्यासारखी घरघर. लालासाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कॉलेजातल्या प्रोफेसरांना बोलावलं. ताम्हणकर सर, पदार्थविज्ञान शिकवायचे. हात पाठीमागं बांधून ते पेटीभोवती फिरले, जणू आत नाग होता. अडीचशे व्होल्टची वस्तू त्यांनी फळ्यावरच बघितली असावी. त्यांनी कागदावर दोन पानं गणित मांडलं आणि निकाल दिला की व्हॉल्व्हचा जमाना गेला, आता ट्रान्झिस्टर. ह्या गृहस्थांनी आयुष्यात कुठल्या तारेला कथलाचा डाग दिला नव्हता, पण डागण्या मात्र भरपूर दिल्या. "सैन्यात बटणं दाबायला शिकवतात, तत्त्व शिकवत नाहीत," असंही म्हणाले.

ते गेल्यावर मी पेटीतला मोठा ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला आणि व्हॉल्व्हच्या दिव्याच्या तारांना एकमेकींभोवती पीळ घातला. घरघर गेली. तत्त्व वगैरे काही लागलं नाही.

मग दुसरी खोड निघाली. मोठा आवाज आला की पेटी तो उतरवायची खरी, पण उतरवताना 'धप्प' करायची. जिन्यावरून पोतं पडावं तसं. हे मला चांगलं कळलं. दोन व्हॉल्व्ह एका जुवाखाली जोडलेले, त्यातला एक तगडा आणि एक मरतुकडा असला की जू तिरकं होतं. पोत्यातल्या एकूण एक बाटल्या तपासल्या. आठ दिवस गेले. शेवटी एक जोडी अशी मिळाली की दोघांना कितीही दाब दिला तरी दोघं सारखेच वाकायचे. धप्प बंद झालं.

तिसरी खोड म्हणजे अर्ध्या तासानं आवाज आपोआप खाली जायचा. कागदी कंडेन्सर गळत होता. बदलला.

ह्या सगळ्यात मी किती खूश झालो असेन ते सांगत नाही. ज्या वाटेनं आवाज मागं वळवून दाब तयार करायचा, त्या वाटेवर मी मुद्दाम जाडजूड कंडेन्सर घातला होता. का? तर अगदी खोल, घुमणारा आवाजसुद्धा यंत्राच्या कानातून सुटू नये. ताम्हणकर सरांनी एवढ्या एका गोष्टीला मान हलवली. त्यांनी मान हलवली तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

मग मी माईकसमोर उभा राहून ओरडलो, कुजबुजलो, ओरडलो. टेपवर दोन्ही सारखे. रेडिओवरच्या बातम्या घातल्या, हार्मोनियम घातली. काटा झोकात हलायचा, आवाज जागच्या जागी. लालासाहेबांनी पेटीला काळा खरबरीत रंग दिला होता आणि वर पितळी पट्टी ठोकली होती, इंग्रजीत, 'मेड इन इंग्लंड'. ती बघून मी हसलो. बोललो काही नाही. आपलं यंत्र लोकांना विलायती वाटतंय ह्यात मला थोडी गुदगुलीच झाली, हे कबूल करतो.

फेब्रुवारीत अंबूबाई रणपिसे आली. विट्याजवळच्या एका वाडीतली. छप्पन सालानंतर त्यांच्या वाडीनं धम्म घेतला, तेव्हापासून तिचा जलसा गावोगाव फिरायचा. चाळिशीची, सरळ अंगाची बाई. बरोबर धाकटा भाऊ केरू, त्याच्या गळ्यात ढोलकी. कंपनीला एप्रिलातल्या जयंतीसाठी जलशाच्या गाण्यांची तबकडी काढायची होती, ती हमखास खपते म्हणून. लालासाहेबांना त्या गाण्यांचं काय पडलं होतं! खप कळत होता तेवढं पुरे.

चहा आला. आम्हाला कपबशीतून. त्या दोघांना काचेच्या ग्लासांतून, आणि ते ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर वेगळे ठेवलेले होते. अंबूबाईनं एकदा ग्लासाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "आमी स्टँडवर पिऊन आलोय." केरूनंही हात लावला नाही. पलटणीत मी सतरा वर्षं सगळ्यांबरोबर एका लंगरात जेवलो. सांगलीत बशीतला चहा फुंकत गप्प बसलो.

मग गाणं. पाण्याचं गाणं होतं, तिनंच बांधलेलं. पहिली ओळ तिनं ढोलकीशिवाय घेतली आणि माझ्या अंगावर काटा आला. हे आज कबूल करतो, तेव्हा केलं नाही. मग केरूनं थाप टाकली.

टेप उलटी फिरवून ऐकली. ढोलकी दणदणीत. पण प्रत्येक थापेला बाईचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा खाली जात होता आणि पुढच्या थापेपर्यंत कसाबसा वर येत होता. बुडतोय, वर येतोय, बुडतोय, वर येतोय.

"गळा टिकत नाही," लालासाहेब म्हणाले.

"पुन्यांदा गाते," अंबूबाई म्हणाली.

पुन्हा गायली. तेच. तिला माईकच्या जवळ उभं केलं, लांब उभं केलं, तिरकं उभं केलं. केरूला दाराकडं हाकललं. तेच. पाचव्या वेळेला ती थांबली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, ढोलकी वाजली की माजा आवाज खाली बसतोय. मी बसत न्हाई. तुमचं यंत्र मला बसवतंय."

ताम्हणकर सर त्या दिवशी हजर होते. ते मोठ्यानं हसले. लालासाहेब हसले. आणि मी काय केलं? मीही हसलो. वर म्हणालो, "बाई, यंत्राला काय जलसा आणि काय कीर्तन, सगळं सारकंच. यंत्र चुकत न्हाई, गाणारा चुकतो. तुमी मैदानात वरडायची सवय लावून घेतली. माईकफुडं दम धरावा लागतो."

"मैदानी गायकांना श्वासनियंत्रण नसतं," सरांनी तत्त्व सांगितलं.

"इस वर्सं गाते," ती म्हणाली. "चार-चार हजार माणसांफुडं. दम मला शिकवू नगा."

तिला एकूण अकरा वेळा गायला लावलं. दुपार उलटली तेव्हा तिचा गळा खरोखरच बसला. मग लालासाहेबांना आयताच पुरावा मिळाला. "ऐका, ऐका आता," ते म्हणाले. तिनं पदर नीट केला, केरूनं ढोलकी गवसणीत घातली. दारात जाऊन ती वळली. वाटलं शिवी देईल. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. पलटणीत कुणी भेकड निघाला की बाकीचे जवान ज्या नजरेनं बघतात, तसं बघितलं आणि गेली.

लालासाहेबांनी कंपनीला कळवलं की बाईचा गळा ध्वनिमुद्रणाला लायक नाही. जयंतीची तबकडी राहिली.

पुढं तीन आठवडे पेटी नीट चालली. नीट म्हणजे काय, तर कुणी ढोलकी घेऊन आलंच नाही. मार्चमध्ये साखर कारखान्याच्या मेळाव्याची जाहिरात आली. कर्ण्यावरून फिरवायची होती. त्यासाठी आवाज कुणाचा? लालासाहेबांना स्वतःचा आवाज फार प्रिय. ते खाकरून, छाती काढून माईकसमोर उभे राहिले. "तमाम ऊस उत्पादक बंधूंनो..."

हळदीचा हंगाम भरात होता. पलीकडच्या अर्ध्या गोदामात हमाल गाडीवरून पोती टाकत होते. मधल्या भिंतीवर एवढ्या गाद्या, की कानाला पोत्याचा आवाज येत नव्हता म्हटलं तरी चालेल. पायाखालची फरशी तेवढी जराशी हलायची. मी काट्याकडं बघत होतो. पोतं पडलं की काटा सपकन उडायचा. लालासाहेब मोठ्यानं बोलत नव्हते तरी उडायचा.

टेप फिरवली. "तमाम ऊस उत्पा... बंधू... मेळाव्या... उपस्थि..." प्रत्येक पोत्याला लालासाहेब बुडत होते.

"हे काय?" ते ओरडले. "माझा आवाज कुठं गेला?"

गळा टिकत नाही, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण हसू आलं नाही. ती बाई हेच सांगत होती. नुसती तक्रार नव्हे, खोड कुठं आहे ते बोट ठेवून सांगत होती. पलटणीत एखाद्या शिपायानं एवढा नेमका रिपोर्ट दिला असता, तर मी त्याची पाठ थोपटली असती.

पेटी दुकानात आणून उघडली. खोड शोधायची गरजच नव्हती. यंत्राच्या कानावर मी मोठ्या हौसेनं बसवलेला तो जाडजूड कंडेन्सर. त्यातून ढोलकीची घूम, पोत्याची धप्प, सगळं खोल खोल आत शिरत होतं आणि त्या दोन व्हॉल्व्हच्या मानेवर बसत होतं. घूम असते ढोलकीची, मान वाकते गाणारणीची. तो कंडेन्सर उपटला आणि त्या जागी चिमटीत मावेल एवढा बारका डाग देऊन बसवला. आता यंत्राला घूम ऐकूच जाईना. टेबलावर मुठी आपटत आपटत बोललो. आवाज जागचा हलला नाही. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी विट्याची एस.टी. धरली. तिथून वाडीपर्यंत चालत. अंबूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. बसा म्हणाली नाही. केरू आतून आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

"तुमचं बरोबर हुतं," मी म्हणालो. "यंत्रात खोड हुती. माजीच चूक हुती. ढोलकीनं आवाज दाबला जात हुता."

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. शेंगा फोडायची थांबली नाही. "तुमाला आज कळलं व्हय?"

"आज... काल."

"मंग हितं कशाला आला?"

"सांगाया."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "दादा, हितं कोन हाय? मी हाय, केरू हाय आन कोंबड्या. आमा तिगांनाबी ते ठाव हाय. तुमी हासला कुटं? सांगलीत. चौगांच्या म्होरं. त्या प्रोफेसराच्या म्होरं. चूक झाली ती तितं सांगा. हितं येऊन माज्या कानात सांगून तुमचा जीव हलका हुईल, माजं काय हुतंय?"

केरू म्हणाला, "एस.टी. पाच वाजता हाय." म्हणजे निघा.

सांगलीला जाऊन लालासाहेबांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, कंपनीला पत्र लिहा, बाईला बोलवा. ते माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघायला लागले.

"खोड होती म्हणून लिहू? विलायती यंत्रात?"

"इलायती कुटलं? माज्या दुकानात केलंय."

"हे तुम्ही कुणाला सांगायचं नाही. पेटी दुरुस्त झाली ना? झालं मग. बायका गाणाऱ्या पुष्कळ मिळतात."

मार्च संपता संपता कंपनीचा माणूस स्वतः आला. मुंबईचा, सफारी घातलेला, हिंदी बोलणारा. लालासाहेबांनी झेंडूचे हार आणले होते. ताम्हणकर सर इस्त्री केलेले कपडे घालून आले होते. मला पेटी चालवायला बोलावलं होतं. लालासाहेबांनी पितळी पट्टीवर हात फिरवला आणि सुरुवात केली, की लंडनहून मागवलं, लायसन मिळायला दोन वर्षं लागली, सरांनी तपासून घेतलं. सर नम्रपणे हसले. ज्या यंत्राला त्यांच्या दोन पानं गणिताचा काडीचा उपयोग झाला नव्हता, त्याचं श्रेय घेताना त्यांना लाज वाटली नाही.

मी उठलो. तेजपूरला बॉम्ब पडतील म्हणून खंदकात बसलो होतो, ते ह्यापेक्षा सोपं होतं.

"साहब," मी म्हणालो, "ये डिब्बा मैंने बनाया है. पलूस में. इसमें गलती थी. वो गलती इन लोगों ने नहीं पकडी, मैंने भी नहीं. अंबूबाई ने पकडी. हमने उसी को झूठा बोला और भगा दिया. उसके गले में कोई खराबी नहीं है."

पलीकडच्या गोदामात पोतं पडलं, पायाखालची फरशी हलली. लालासाहेबांचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला. सर छताकडं बघायला लागले, तिथं जणू समीकरण लिहिलं होतं.

"हवालदार चेष्टा करतात," लालासाहेब म्हणाले.

मी स्क्रूड्रायव्हर काढला, पेटीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला ट्रान्सफॉर्मरवर चिकटवलेला कागद दाखवला. 'पलूस, जानेवारी ७४' असं माझ्या अक्षरात. मग लालासाहेबांनी ठेवून दिलेली अंबूबाईची टेप लावली. त्या टेपेच्या सुरुवातीला ती ढोलकीशिवाय गायलेली ओळ होती. नुसती ती ओळ वाजवली आणि बंद केली.

कंपनीच्या माणसाला आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला, "हमको टेप चाहिए, मशीन का खानदान नहीं. ये बाई कहाँ मिलेगी?" त्यानं वाडीचं नाव लिहून घेतलं, हार खुर्चीवर ठेवला आणि गाडीत बसला.

लालासाहेबांनी मला दाराबाहेर काढलं. पेटी त्यांचीच होती, ती त्यांच्याकडं राहिली. सर जाताना मला म्हणाले, "तुम्ही शिस्त मोडलीत." मी विचारलं, "कुटली?"

पुढचं मला केरूकडून कळलं. कंपनीनं पत्र घातलं. अंबूबाईनं उलट कळवलं की सांगलीला येते, पण ते प्रोफेसर तिथं नकोत, आणि लालासाहेबांनी तिच्या तोंडावर सांगावं की तिचा गळा चांगला आहे. लालासाहेबांनी सांगितलं. कंपनीचा माणूस शेजारी उभा होता, न सांगून काय करतात! दिवाळीनंतर ध्वनिमुद्रण झालं. प्रत्येक गाणं ती एकदाच गायली. दुसऱ्यांदा गा म्हटल्यावर म्हणाली, "तुमच्या वाटच्या अकरा येळा आदीच गाऊन झाल्यात."

तबकडी पुढच्या जयंतीला निघाली. पलूसच्या आठवडी बाजारात ती वाजत होती तेव्हा मी दुकानाच्या फळ्या लावायचा थांबलो. ढोलकी घुमत होती आणि आवाज तिच्यावरून सरळ चालत होता. दुसऱ्या बाजूचं गाणं मात्र चिपाडासारखं कोरडं वाजत होतं. कुणीतरी शहाणपणा करून पेटीचं बटण शेवटपर्यंत पिळलं होतं. पेटी लालासाहेबांकडं होती, तेव्हा कोण, ते मला विचारायची गरज नव्हती.

तिनं मला माफ केलं असं कुणी समजू नये. त्या पावसाळ्यात एका दुपारी ती आणि केरू दुकानात आले. जलशाचा अँप्लिफायर आणला होता, तो हातगाडीवर. मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"विट्याच्या दोन मेकॅनिकांनी बघितला," केरू म्हणाला. "दोगं म्हनत्यात नवा घ्या."

मी झाकणाला हात घातला.

"थांबा," अंबूबाई म्हणाली. "आदी सांगते. चालू केल्यावर धा मिनिटं बरा असतोय. मंग आवाजात खडे येत्यात. केरूनं पेटी उचलली की खडे जात्यात, खाली ठेवली की येत्यात. डावी बाजू खाली ठेवली तर येत न्हाईत."

मी हात मागं घेतला, स्टूल ओढलं आणि तिला विचारलं, "डावी म्हंजी बटणाकडची?"

"बटणाकडची."

डाव्या बाजूला, व्हॉल्व्हच्या बैठकीखाली, एका तारेचा डाग सुटलेला होता. तापला की तार उचलायची. पुन्हा डाग दिला, चालू केला, उलटा केला, सुलटा केला. खडे गेले. ती माईकमध्ये काहीतरी गुणगुणली, कान देऊन ऐकलं आणि केरूला म्हणाली, "उचल."

हातगाडी स्टँडकडं निघाली. चिखल होता, चाक रुतत होतं. मी चप्पल काढून खाली उतरलो आणि मागून लोटायला लागलो. स्टँडपर्यंत लोटत गेलो.